शून्य आणि रिकामी जागा

अपघातात सापडलेल्या मनुष्याला रुग्णालयात आणले म्हणजे त्याच्या केसपेपरवर पुष्कळदा एक छोटासा शेरा पडतो : ‘तोंडाला दारूचा वास.’ एवढ्यावरून मद्य आणि अपघात यांचा संबंध कोणी शोधू म्हणेल तर त्याच्या हाती काय लागणार? वास एका घोटानेही येतो आणि बाटली रिचवल्यानेही येतो. शिवाय मद्याला कधी न शिवलेला मनुष्यही डोक्याला मार लागला की असंबद्ध बोलतो, अडखळतो.

हा घोटाळा टाळावा म्हणून संकेतांकांची योजना झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीला १९९० साली मान्यता मिळाली. २०२२ पासून अकरावी आवृत्ती अमलात आली असली, तरी दहावीचे संकेतांक अनेक ठिकाणी अद्याप रूढ आहेत. त्यांत तीन प्रश्न वेगवेगळे ठेवले आहेत. रक्तात मद्य किती, याचे उत्तर ‘वाय ९०’ या गटात मिळते. १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिग्रॅमहून कमी मद्य ही त्यातील पहिली पायरी. २४० किंवा त्याहून अधिक ही सर्वांत वरची. रक्ततपासणीचा आधार नसेल तर डॉक्टरांना दिसलेली नशेची तीव्रता ‘वाय ९१’ मध्ये नोंदवितात. मद्यपानाने जडलेले विकार आणि व्यसन यांसाठी ‘एफ १०’ हा गट आहे. हा भेद केवळ कागदी नव्हे. हौसेने एखाद्या दिवशी प्यालेला तरुण आणि वर्षानुवर्षांचा व्यसनी यांच्या रक्तातील आकडा एकच असू शकेल. परंतु दारू अचानक तुटल्यामुळे दुसऱ्याला एकदोन दिवसांत कंप सुटण्याचा, झटके येण्याचाही संभव असतो.

तथापि संकेतांकाने मूळ आकड्याची जागा घेऊ नये. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालकासाठी ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. वर्गीकरणाची दुसरी पायरी मात्र २० ते ३९ अशी आहे. म्हणजे मर्यादेच्या आतला आणि बाहेरचा असे दोघेही एकाच संकेतांकाखाली येतात.

सर्वांत मोठा धोका रिकाम्या जागेचा. ‘तपासणी केली, मद्य आढळले नाही’ ही एक गोष्ट आणि ‘तपासणीच केली नाही’ ही अगदी दुसरी. दोन्ही ठिकाणी शून्य मांडले तर मद्याचा वाटा वास्तवाहून लहान दिसणारच. जागा रिकामी राहण्याचे कारण नेहमी आळस हेच असते असेही नाही. अमेरिकेत १९४७ च्या एका नमुना कायद्यानुसार अनेक राज्यांत नशेत झालेल्या दुखापतीचा खर्च नाकारण्याची मुभा विमा कंपन्यांना मिळाली. मग बिल बुडण्याच्या भीतीने तपासणीच टाळण्याकडे कल झाला. अखेर २००१ साली विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने ती तरतूद रद्द करण्याची शिफारस केली.

यातील बोध स्पष्ट आहे. नोंद शिक्षेचे साधन झाली की ती खरी राहत नाही. उपचारासाठी आणि पुढचा अपघात टाळण्यासाठी ती ठेवली जाते, असा विश्वास रुग्णाला आणि डॉक्टरांना वाटेल, तेव्हाच त्या छोट्याशा चौकटीत सत्य उतरेल.