क्लचचं तेल जातं कुठं?

आज जुन्या कॅम्पर गाडीच्या क्लचविषयी बोलू. आपल्याकडं कॅम्पर म्हणजे बऱ्याचदा जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, आतल्या सीटा काढून पलंग नि ओटा बसवलेली. समजा, अशी गाडी घेऊन तुम्ही सांगलीहून निघालात. इस्लामपूर, कराड करत साताऱ्यात आलात आणि कासला जायला यवतेश्वरचा घाट धरला. वळणावर क्लच दाबला तर पेडल मऊ, गिअर करकरतोय. डबी उघडली तर तेल तळाला! अशा वेळी आपण काय करतो? तेल ओततो आणि पुढं जातो. चूक इथंच होते.

हायड्रॉलिक क्लचला केबल नसते. पेडल वरचा मास्टर सिलिंडर दाबतं, तेल नळीतून खालच्या, म्हणजे स्लेव्ह सिलिंडरला जातं आणि तो क्लचचा फोर्क ढकलतो. हे तेल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर ते कुठंतरी बाहेर पडतंय. ती जागा शोधायची.

आधी गळणारं तेल कोणतं, ते ठरवा. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा. सकाळी पडलेला थेंब पाण्यात टाका. ब्रेक-क्लचचं नेहमीचं तेल पाण्यात मिसळतं. इंजिनचं किंवा गिअरबॉक्सचं तेल वर तरंगतं.

मग वरून खाली या. पेडलपाशी मास्टरच्या दांड्याभोवती बोट फिरवा. ओलं लागलं, मॅट चिकट झाली, तर मास्टरचं रबर गेलं. तिथं कोरडं असेल तर नळीचे सांधे आणि रबरी पाइप बघा. नंतर स्लेव्हची रबरी टोपी हळूच मागं सारा. आत तेल साचलं असेल, तर दोष तिथला. काही गाड्यांत हा सिलिंडर क्लचच्या घरातच असतो. तेल घराच्या तळातून ठिबकतं आणि गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

आणि कुठंच गळत नाही, पातळीही तशीच, पण दाबून धरलेलं पेडल सावकाश खाली बसतंय? मग बहुधा मास्टरच्या आतलं रबर तेल मागं सोडतंय. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर कडक होत असेल, तर आत हवा असल्याचा संशय घ्या.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. आपण याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, म्हणून कुणी घाईत इंजिन ऑइल ओततं. त्यानं रबरं फुगतात आणि सगळीच बदलावी लागतात. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४, जे लिहिलंय तेच घाला. दुसरं म्हणजे, अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते. तेव्हा क्लचची गळती ब्रेकचाही साठा खाते. घाटात हे किती महागात पडेल, ते सांगायला नको.

दुरुस्तीत सिलिंडर आतून ओरखडलेला दिसला, तर नुसत्या रबर किटवर भागवू नका, सिलिंडरच बदला. शेवटी हवा काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुठ्ठा पसरा. तो कोरडा निघाला, की मग खुशाल कासला जा.