निद्रा आणि उतारवयातील स्मृती

रात्र रात्र जागून शिकण्याचा आदर्श आपल्या पिढीने बाबासाहेबांच्या चरित्रातून घेतला. त्यामुळे झोप म्हणजे आळस, ही समजूतही आपल्यात रुजली. उतारवयात मात्र ती तपासून पाहिली पाहिजे.

ब्रिटनमधील सुमारे ८,००० सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. वयाच्या पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सातत्याने सहा तास वा त्याहून कमी झोपणाऱ्यांना, सात तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत, स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्के अधिक आढळला. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. अपुरी झोप हे आजाराचे आरंभीचे लक्षणही असू शकते. तथापि, दिवसभराच्या आठवणी पक्क्या होण्यास गाढ निद्रेचे साहाय्य होते आणि वयाबरोबर नेमकी हीच निद्रा घटते.

म्हणून घरातील ज्येष्ठांचा विसरभोळेपणा ‘आता वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. झोपेत घोरताना श्वास अडत असेल, तर वैद्यकीय तपासणी करावी. त्यावर उपचार आहेत. झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने देऊ नयेत. त्यांपैकी काहींमुळे वृद्धांमध्ये गोंधळलेपणा आणि पडण्याचा धोका वाढतो.

अष्टांगिक मार्गातील सम्यक स्मृती म्हणजे जागरूकता. आई-वडिलांच्या झोपेकडे लक्ष देणे, हेही तिचेच आचरण होय.