बदक गप्प, अंडं बोलतं

शुक्रवारी अंबड एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की ग्रुपमध्ये एकच प्रश्न : वीकेंडला कुठे? हिवाळा असेल तर कुणीतरी हमखास नांदूर मध्यमेश्वर सुचवतं. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ ठरलं. दुर्बिणीतून थापट्या, चक्रवाक बघताना वाटतं, काय निवांत आहेत राव! पण रानबदकांच्या आतड्यात फ्लूचे विषाणू राहतात आणि पुष्कळदा बदकाला काहीच होत नाही. विष्ठेतून ते पाण्यात उतरतात. तिथून कोंबड्यांपर्यंत पोचले, की मात्र पंचाईत.

मग हा छुपा पाहुणा पकडायचा कसा? बदकाच्या गुदद्वारातून कापसाच्या काडीने नमुना घ्यायचा, बर्फातून प्रयोगशाळेत न्यायचा आणि साधारण दहा दिवस उबवलेल्या कोंबडीच्या अंड्यात सुईने सोडायचा. हो, अंड्यातच! विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागतात. दोन-चार दिवसांनी आतला द्रव कोंबडीच्या रक्तपेशींत मिसळतात. विषाणू नसेल तर पेशी तळाशी बसून लाल टिकली दिसते. असेल तर त्या एकमेकींना चिकटतात, टिकली बनतच नाही. अर्थात राणीखेतचा विषाणूही हीच गंमत करतो, म्हणून नेमकी ओळख वेगळ्या चाचण्यांनी पटवावी लागते.

खरी कुंडली जनुकांत. फ्लूची जनुकं आठ तुकड्यांत असतात. त्यातल्या ‘एच’ प्रथिनाचा एक छोटा भाग आधी बघतात, कारण विषाणू फक्त आतड्यात-श्वासनलिकेत वाढेल की पक्ष्याच्या अंगभर पसरेल, हे बरंचसं तिथे कळतं.

फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापुरात कोंबड्या पटापट मेल्या, तेव्हा भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने एच५एन१ असल्याचं सांगितलं. भारतातला हा पहिला उद्रेक. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, पोल्ट्रीवाले हवालदिल झाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतही या विषाणूची जनुकं वाचली गेली. तो निघाला २००५ मध्ये चीनच्या किंघाई सरोवरावर हजारो रानपक्षी मारणाऱ्या विषाणूच्या घराण्यातला. लगेच स्थलांतरित पक्ष्यांकडे बोटं गेली. पण जनुकं नातं सांगतात, प्रवासाचं तिकीट दाखवत नाहीत. पंखांवरून आला की कोंबड्यांच्या ट्रकमधून, हे त्यावरून ठरत नाही.

तेव्हा नांदूरला बिनधास्त जा. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. वनखात्याच्या माणसाला सांगा. आणि उद्रेकाच्या दिवसांत ऑम्लेट चालेल, नीट शिजलेलं. हाफ फ्राय तेवढं राहू द्या.