ड्रोन आणण्याआधी नकाशा पाहा

मोहोराच्या दिवसांतली गोष्ट. कट्टा बाजारात चहा घेत होतो. ओळखीचे एक बागायतदार जवळ येऊन म्हणाले, "सायबानू, कलमांवर ड्रोनान फवारणी करूची आसा. परवानगी लागता काय?"

यंत्र दुसऱ्याच दिवशी यायचे होते. आगाऊ रक्कमही देऊन झाली होती. नकाशा पाहिला, तर बाग पिवळ्या पट्ट्यात निघाली. परवानगीवाचून यंत्र उडेना. तोवर तुडतुड्यांनी मोहोर काळा केला.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ड्रोनची ओढ रास्त आहे. हापूसची जुनी कलमे उंच. वर चढून नळी धरणारा गडी मिळत नाही, आणि पाय घसरला तर जिवाशी गाठ. पण ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचा विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून आपल्या डोक्यावरचे आकाश पूर्वीसारखे मोकळे राहिलेले नाही.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोनचे नियम लागू केले. त्यात आकाशाचे तीन भाग आहेत. हिरव्या भागात, जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. तांबड्या भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवताच येत नाही.

विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा पिवळा. त्याच्या आतला भाग साधारणपणे तांबडा. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत हिरवा, त्यावर पिवळा. कलमांवरची फवारणी २०० फुटांच्या कितीतरी खाली होते. म्हणजे या पट्ट्यातल्या बागायतदाराला सहसा अडचण नाही.

इथेच आपली फसगत होते. आपण अंतर रस्त्याने मोजतो. कट्ट्याहून चिपीला जायचे तर कर्लीवरचा पूल गाठून वळसा घालावा लागतो, म्हणून विमानतळ लांब वाटतो. नियमातले अंतर मात्र सरळ रेषेचे, कावळा उडतो तसे. शेजारच्या दोन वाड्यांपैकी एक हिरव्यात तर दुसरी पिवळ्यात असू शकते. यासाठी 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा. घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला सांगा, दहा मिनिटांचे काम आहे. नकाशा बदलतो, तेव्हा फवारणीच्या दिवशी पुन्हा पाहावा. मोठ्या पाहुण्यांचा दौरा असला की पोलीसही तेवढ्यापुरती बंदी घालू शकतात.

भाड्याने ड्रोन आणताना चालकाला चार गोष्टी विचारा. यंत्राला नोंदणी क्रमांक आहे का? चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र आहे का? विमा आहे का? पट्टा पिवळा असल्यास परवानगी हातात आहे का? तोंडी "होऊन जाईल" यावर विसंबू नका. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

हौसेने छोटा ड्रोन आणणाऱ्या मुलांनाही हे सांगा. सिंधुदुर्ग किल्ला संरक्षित स्मारक आहे. तिथे पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय ड्रोन उडवू नये.

मोहोर कोणासाठी थांबत नाही. म्हणून पावसाळा सरला की आधी नकाशा पाहा, लागल्यास अर्ज करा, आणि मगच आगाऊ रक्कम द्या.