नळाची लाईन गळते ती जोडावर

घरबांधणीच्या कामात लोखंडी जी. आय. पाईपची जागा आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या पाईपने घेतली आहे. हा पाईप गंजत नाही, वजनाला हलका असतो, आणि आटे पाडण्याचे यंत्र नसलेला कारागीरही त्याची लाईन टाकू शकतो. त्यामुळे अनेक तरुण या धंद्यात आले आणि हार्डवेअरच्या दुकानदारांनाही नवा माल मिळाला. परंतु त्याबरोबर तक्रारीही आल्या. पाईप स्वतः क्वचितच फुटतो. पाणी झिरपते ते जोडातून. जोड एकदा भिंतीत गाडला गेला आणि वर टाईल्स बसल्या, की किरकोळ किमतीच्या एका एल्बोपायी सगळी भिंत फोडावी लागते. मग घरमालक प्लंबरला, प्लंबर दुकानदाराला आणि दुकानदार कंपनीला दोष देतो. पैसा तर जातोच, पण कारागिराचे नावही जाते.

एखादा थेंब काय करणार, असे कोणी म्हणेल. सेकंदाला एक थेंब गळला तर चोवीस तासांत सुमारे सव्वाचार लिटर पाणी जाते. महिन्याला हा हिशेब सव्वाशे लिटरपर्यंत पोहोचतो, आणि तेवढे पाणी भिंतीत मुरते. म्हणून आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंसाठी या कामातील मुख्य गोष्टी येथे देत आहोत.

पाईपची जात ओळखा

बाजारात मुख्यतः चार जातींचे पाईप मिळतात. पांढरा किंवा राखाडी यूपीव्हीसी हा थंड पाण्यासाठी आहे. फिकट पिवळसर सीपीव्हीसी थंड व गरम दोन्ही पाण्यांना चालतो. पीपीआर हाही गरम पाण्याला चालतो. आखातात काम करून परतलेल्या कारागिरांना तो चांगला परिचित आहे. काळा एचडीपीई जमिनीखालून किंवा विहिरीवरून पाणी आणण्यासाठी वापरतात. गिझरच्या लाईनला यूपीव्हीसी कधीही लावू नये. उष्णतेने तो मऊ पडतो आणि जोड सुटतो.

दुसरी फसगत मापाची. ‘अर्धा इंची’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे, पण प्रत्येक जातीत त्याचे माप वेगळे असते. अर्धा इंची सीपीव्हीसी पाईप बाहेरून १५.९ मिलिमीटर असतो. आटे पडणारा प्लंबिंगचा यूपीव्हीसी २१.३ मिलिमीटर असतो, तर आयएस ४९८५ प्रमाणे बनलेला मेट्रिक यूपीव्हीसी २० मिलिमीटरचा असतो. शेवटच्या दोहोंत फरक जेमतेम १.३ मिलिमीटर. पुष्कळ जण मेट्रिक पाईप इंची फिटिंगमध्ये घालतात आणि मधली फट सोल्युशनने भरून काढतात. हा जोड आज ना उद्या गळणारच.

सोल्युशन हा डिंक नव्हे

सोल्युशन दोन तुकडे चिकटवते, असा समज आहे. वास्तविक ते प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळवते. दोन्ही विरघळलेले थर एकमेकांत मिसळतात व सुकल्यावर एकजीव होतात. म्हणूनच फट मोठी असेल, पाईप ओला असेल किंवा त्यावर धूळ वा तेल असेल, तर जोड पक्का होत नाही.

पाईप काटकोनात कापावा. हॅक्सॉने कापला तर आतबाहेरचा भुसा काढून टाकावा आणि बाहेरची कड कानसेने थोडी उतरती करावी. धारदार कड सोल्युशन खरवडून आत ढकलते. मग पाईप कोराच फिटिंगमध्ये घालून पाहावा. तो सॉकेटच्या खोलीच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांशापर्यंत जाऊन अडकला पाहिजे. कोराच सैलपणे तळापर्यंत जात असेल तर ती जोडी नाकारावी.

आता पाईपला भरपूर आणि फिटिंगच्या आत पातळ हात द्यावा. लगेच पाईप आत घालून पाव फेरा फिरवावा आणि अर्धा मिनिट दाबून धरावा. सोडल्यास तो मागे सरकतो. तोंडाभोवती सोल्युशनची अखंड कडा दिसली म्हणजे काम बरोबर झाले. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचेच सोल्युशन लावावे. घट्ट झालेल्या डब्यात थिनर घालू नये, तो डबा टाकून द्यावा. सोल्युशन लवकर पेट घेते, तेव्हा काम हवेशीर जागी करावे आणि जवळ विडी-सिगारेट ओढू नये.

आट्यांची जागा

सर्वाधिक गळती नळाच्या तोंडाशी असते. पितळी नळाचे आटे निमुळते असतात. ते प्लॅस्टिकच्या आत पिळत नेले की पाचरीसारखे काम करतात आणि फिटिंगला तडा जातो. तडा त्या दिवशी दिसत नाही, काही महिन्यांनी उघडा पडतो. म्हणून जेथे नळ, शॉवर किंवा गिझर जोडायचा तेथे आत पितळी आटे बसवलेली फिटिंगच घ्यावी. महाग पडते, पण भिंत फोडण्यापेक्षा स्वस्त.

लोखंडी पाईपच्या सवयीने काही जण प्लॅस्टिकच्या आट्यांवर ताग आणि सफेदा लावतात. ताग पाण्याने फुगतो व सॉकेट फोडतो. तेलकट रंगांनी सीपीव्हीसीला इजा होते. येथे टेफ्लॉन टेपच वापरावी आणि आटे ज्या दिशेने आवळायचे त्याच दिशेने गुंडाळावी. हाताने घट्ट बसवून पान्याने एक ते दीड फेरा पुरे.

नळाच्या मागचा एल्बो भिंतीत पक्का बांधलेला असावा. मशिदीच्या वजूखान्यातील ओळीने लावलेले नळ दिवसातून पाच वेळा अनेक हातांनी पिळले जातात. तेथे एल्बो हलता राहिला तर सगळा ताण जोडावर येतो.

पीपीआर आणि एचडीपीई

या दोन्ही जाती सोल्युशनमध्ये विरघळत नाहीत. पीपीआर २६० अंश सेल्सिअसच्या यंत्रावर तापवून जोडतात. २० मिलिमीटरला सुमारे ५ सेकंद, २५ ला ७ आणि ३२ ला ८ सेकंद पुरतात. जास्त तापवल्यास वितळलेला थर आत जमून पाण्याची वाट अडवतो. काढल्यावर न फिरवता सरळ आत घालावा आणि थंड होईपर्यंत हलवू नये. एचडीपीईच्या दाबून आवळायच्या फिटिंगमध्ये रबरी रिंग असते; पाईपच्या टोकावर ओरखडा असला तर तेथूनच पाणी निघते.

प्लॅस्टिक उष्णतेने लांबते हेही ध्यानात ठेवावे. १० मीटर सीपीव्हीसी लाईन ३० अंशांनी तापली तर जवळजवळ २ सेंटिमीटर वाढते. लांब सरळ लाईनला वळण द्यावे आणि क्लॅम्प करकचून आवळू नये.

चाचणी आणि बिल

जोड २४ तास सुकू द्यावेत. नंतर सर्व तोंडे बंद करून, हवा काढून, लाईनवर नेहमीच्या सर्वाधिक दाबाच्या दीडपट दाब हातपंपाने द्यावा. १० मीटर उंच टाकीचा दाब सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. निदान तासभर काटा खाली येता कामा नये. चाचणी पाण्यानेच करावी. दाबलेल्या हवेने प्लॅस्टिक फुटले तर तुकडे अंगात घुसतात. मालक टाईल्सची कितीही घाई करो, ही चाचणी त्याच्यासमोर झाल्याशिवाय भिंत बुजवू नये.

दुकानदारांनीही पाईप व फिटिंग एकाच मापाचे द्यावे, सोल्युशनच्या डब्यावरील मुदत पाहावी आणि बिलावर मालाची जात, आयएस क्रमांक स्पष्ट लिहावा. सीपीव्हीसीसाठी हा क्रमांक १५७७८, पीपीआरसाठी १५८०१ व एचडीपीईसाठी ४९८४ आहे. आयएसआय चिन्हाजवळचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपवर पडताळता येतो. हलका माल विकून दोन पैसे जास्त मिळतील, पण गिऱ्हाईक एकदाच येईल. ज्याच्या हातचा जोड दहा वर्षे कोरडा राहतो, त्याला काम शोधत फिरावे लागत नाही.