जकातीतून फी, देणगीतून भिंती

रमजानचा दुसरा अशरा लागला की घरोघर जकातीचा हिशोब सुरू होतो. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर राहिली, तर तिच्यातले अडीच टक्के, म्हणजे लाखामागे अडीच हजार रुपये, गरजूंचे. बहुतेक घरांतून ते दारात येणाऱ्यांच्या हातावर शंभर-शंभरच्या नोटांनी ठेवले जातात. घेणाऱ्याची तेवढ्यापुरती नड भागते. पण एखाद्या मुलाची वर्षाची फी त्यातून निघत नाही.

मुंबईत सीएसएमटी स्थानकातून बाहेर पडले की समोर घुमटांची जुनी इमारत दिसते. ती अंजुमन-ए-इस्लामची शाळा. बदरुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन, कोकणी व्यापारी नाखुदा रोगे आणि मुन्शी गुलाम महंमद यांनी 1874 मध्ये ही संस्था काढली. 1897 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती ते हेच तय्यबजी. इंग्रजी शिकलेला मुलगा दीनपासून दुरावतो, असा समज असलेला तो काळ. 1880 मध्ये बाबुला टँकजवळ शाळा उघडली, तेव्हा विद्यार्थी 120 आणि शिक्षक तीन. स्वतःची इमारत 1893 मध्ये झाली. 1936 मध्ये मुलींची शाळा निघाली आणि त्याच वर्षी साबू सिद्दिक यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था. आज शाळा, महाविद्यालये आणि अनाथाश्रम धरून संस्था शंभरीच्या आसपास आहेत, मुले लाखभर. क्रिकेटपटू वसीम जाफर याच शाळेचा. त्याचे वडील बसचालक होते.

एवढा पसारा जकातीवर उभा राहिला, असे कुणी समजू नये. तसा तो राहूच शकत नाही. कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, आणि हनफी मताप्रमाणे ती रक्कम गरजूच्या मालकीची व्हावी लागते. तिच्यातून वर्ग बांधता येत नाही, की शिक्षकाचा पगार देता येत नाही. म्हणून अशा संस्थांना दोन थैल्या सांभाळाव्या लागतात. भिंती, बाके, प्रयोगशाळा हे देणगीतून आणि वक्फमधून. गरीब मुलाची फी, पुस्तके, वसतिगृहातले जेवण हे जकातीतून. माझ्या मते खरी अडचण पहिल्या थैलीची आहे. जकात फर्ज असल्याने लोक ती काढतातच. पण छपराला आणि पगाराला ऐच्छिक देणगी लागते, तिथे हात आखडतो. मग फीचे पैसे असतात आणि बसायला वर्ग नसतो.

जवळचा गरीब नातलग आणि शेजारी यांचा हक्क आधीचा, हे खरेच. त्यांचे भागवून उरेल ते शाळेला द्यायचे असेल, तर पावती फाडतानाच रक्कम जकातीची की इमदादची, हे स्पष्ट लिहून घ्यावे. नंतर थैली बदलता येत नाही.