मारव्याचा षड्ज आणि अंगावरचा काटा

थंडीने अंगावर काटा येतो, भीतीने येतो, आणि एखादा सूर नेमका लागला की तोही काटा आणतो. मराठीने या तिन्ही प्रसंगांसाठी एकच शब्द वापरला, तो आळसाने नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रातील सातव्या अध्यायात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. स्तंभ, स्वेद, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय यांच्याच पंक्तीत रोमांच बसलेला आहे. त्याची कारणे देताना भरत भय, शीत, हर्ष आणि स्पर्श यांच्याबरोबर क्रोध आणि रोगही मोजतो. गीतेतला अर्जुनही दोनदा रोमांचित होतो : पहिल्या अध्यायात विषादाने आणि अकराव्यात विश्वरूप पाहून विस्मयाने. खूण एक, कारणे परस्परविरुद्ध. मग सुरक्षित बैठकीत, लोडाला टेकून गाणे ऐकणाऱ्या माणसाच्या शरीराला थंडीची किंवा भीतीची खूण का उमटवावीशी वाटते?

शरीराचा भाग सोपा आहे. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक सूक्ष्म स्नायू असतो. तो आपल्या इच्छेने हलत नाही. संकटात शरीराला सज्ज करणारी अनुकंपी मज्जासंस्था त्याला आकुंचित करते आणि केस उभा राहतो. अंगभर दाट केस असणाऱ्या प्राण्याला त्याचा उपयोग असतो : थंडीत ऊब टिकते, शत्रूसमोर आकार मोठा दिसतो. माणसाचे केस विरळ झाले, यंत्रणा मात्र राहिली. गाण्याने येणारा काटा याच जुन्या वाटेने येतो.

ही वाट उघडते कोण, हा अवघड प्रश्न. १९८० साली अवराम गोल्डस्टीन यांनी शरीरातील अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध श्रोत्यांना टोचून पाहिले. दहापैकी तिघांचे रोमांच कमी झाले. २००१ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातील अॅन ब्लड आणि रॉबर्ट झटोरे यांनी श्रोत्यांना त्यांचेच आवडते संगीत ऐकवून मेंदूतील रक्तप्रवाह मोजला. अन्नाने किंवा मादक द्रव्यांनी जे भाग उत्तेजित होतात, तेच रोमांचाच्या वेळी उजळले. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण त्याच परंपरेतील २०११ च्या प्रयोगातून आले. वॅलोरी सलिमपूर आणि सहकाऱ्यांना दिसले की डोपामीन हे द्रव्य दोन टप्प्यांत स्रवते. रोमांचाच्या क्षणी मेंदूचा एक भाग सक्रिय होतो; पण त्याच्या आधीच्या क्षणांत, श्रोता त्या जागेची वाट पाहत असताना, दुसराच भाग कामाला लागलेला असतो. म्हणजे वाट पाहणे ही सुखाची नुसती प्रस्तावना नाही. ते त्याचाच पूर्वार्ध आहे.

हे प्रयोग बहुतांशी पाश्चात्त्य श्रोत्यांवर झाले. जॉन स्लोबोडा यांनी १९९१ मध्ये नोंदवले होते की अनपेक्षित स्वरसंवादाच्या म्हणजे हार्मनीच्या जागी श्रोत्यांना शहारा येतो. आपल्या संगीतात तशी हार्मनी नाही. मग आपल्याकडे अपेक्षा बांधली जाते कशावर? उत्तरासाठी मारवा घेऊ.

मारव्यात पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. भातखंडे यांच्या मते ऋषभ वादी आणि धैवत संवादी. पण मारव्याचे खरे वैशिष्ट्य त्यात काय आहे यापेक्षा काय टाळले जाते यात आहे. कुठल्याही रागाचे घर असलेला षड्ज येथे पुनःपुन्हा ओलांडला जातो. गायक मंद्र निषादावरून थेट ऋषभावर जातो, ऋषभावरून निषाद-धैवताकडे उतरतो, आणि दारापर्यंत येऊन आत न शिरता निघून जातो. पंचम नसल्यामुळे तंबोऱ्याची पहिली तारही निषादात किंवा धैवतात मिळवतात. षड्जाचा सर्वांत बळकट आधार असा काढून घेतलेला असतो.

आता कानाचे गणित पाहा. आपल्या जुन्या संगीतग्रंथांच्या रिवाजाप्रमाणे षड्ज २४० आंदोलनांचा धरला, तर १६:१५ या प्रमाणाने कोमल ऋषभ २५६ चा येतो. तंबोरा षड्ज धरून आहे आणि गळा ऋषभावर ठेहराव करतो आहे, तेव्हा दोन नादांत सेकंदाला सोळा आंदोलनांचा फरक असतो. इतक्या जलद ठोक्यांना कान सुटे मोजू शकत नाही; त्याला एक खरखर, एक ताण जाणवतो. गायक हा ताण मिनिटामागून मिनिट वाढवत नेतो. शेवटी षड्ज लागतो तेव्हा गळा आणि तंबोरा एकमेकांत मिसळतात, खरखर एकाएकी नाहीशी होते, आणि काटा येतो. षड्ज नवा नसतो. तंबोरा तो पहिल्यापासून सांगतच होता.

याच स्वरांतून पूरिया आणि सोहनीही निघतात, पण परिणाम वेगळा होतो. पूरिया गंधार-निषादावर विसावतो. सोहनी तार षड्जाच्या आसपास खेळते. यावरून दिसते की काटा स्वरांच्या यादीत नसतो. कुठे थांबायचे आणि कुठे थांबायचे नाही, या निर्णयात असतो. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांची मारव्याची ध्वनिमुद्रिका पिढ्यान्‌पिढ्या ऐकली जाते ती यासाठी. अतिविलंबित लय, जपून टाकलेला एकेक स्वर, आणि षड्जाबद्दलचा तो संयम.

यावर एक आक्षेप येईल. वाट पाहणेच सर्वस्व असेल, तर जुन्या ७८ गतीच्या तबकडीच्या जेमतेम तीन मिनिटांत अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी काटा कसा आणते? याची दोन उत्तरे आहेत. एक, श्रोता रागाचा नकाशा आधीच मनात घेऊन येतो. अभिनवगुप्त ज्याला सहृदय म्हणतो तो हाच, तयारीने आलेला. अपेक्षेचे काम त्याने आयुष्यभर घरी केलेले असते. दुसरे उत्तर मिरजेत सापडते. खाँसाहेबांचे वास्तव्य तेथे होते आणि तेथील कारागिरांचे तंबोरे देशभर जातात. घोडीच्या किंचित बाकदार पृष्ठभागावर, तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढली की एका तारेतून अनेक उपस्वर सुटे ऐकू येतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांच्या श्रुतिविषयक संशोधनाला खाँसाहेबांनी गळ्याने साहाय्य केले होते. स्वर त्या उपस्वरांशी बरोबर जुळला तर तो गळ्यातून येतो की तंबोऱ्यातून, हे कळेनासे होते. अशा स्वराला तीन मिनिटेही पुरतात.

मात्र काट्याला गुणवत्तेचे मोजमाप करू नये. बार्सिलोनातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की काही निरोगी माणसांना इतर सुखे नीट जाणवतात, पण संगीताने काहीच होत नाही. त्यांना अरसिक म्हणणे अन्यायाचे आहे. उलट काटा आणणारे सगळेच गाणे थोर नसते. एकाएकी वाढवलेला आवाजही तो आणतो. भरताने रोमांचाला रस म्हटले नाही, भावाच्या प्रकटीकरणात त्याला बसवले, हा विवेक आजही उपयोगी आहे.

त्या विवेकाची आज गरज यासाठी, की मैफलीतून नेमकी काट्याची जागा कापून अर्ध्या मिनिटाचा तुकडा मोबाइलवर पाठवण्याची पद्धत पडली आहे. ज्याने पूर्ण राग ऐकला आहे, त्याला त्या तुकड्याने आठवणीचा काटा येईलही. पण नव्या श्रोत्याच्या हाती त्यातून येतो तो एक साधा षड्ज, जगातला सर्वांत सामान्य स्वर. ज्या अनुपस्थितीने त्याला किंमत आली, ती कापणाऱ्याने कंटाळवाणी म्हणून टाकून दिलेली असते. तोडी, श्री, दरबारी यांतही ताणाच्या अशाच जागा आहेत आणि त्या सगळ्या वेळ मागतात. आपण तो वेळ द्यायचे सोडले, तर राग ग्रंथांत आणि संग्रहांत शाबूत राहतील, गाणारेही मिळतील. फक्त षड्ज लागल्यावर तो लागला हे कुणाच्या अंगाला कळणार नाही.